जोडीतला मोठा वाडगा

नागाओका, ९ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप आईंच्या सेवेशी,
हिरोत्सुगुचा कमरेत वाकून नमस्कार.

इकडे डोंगरमाथ्यावर पहिला बर्फ दिसू लागला आहे. तिकडे नागासाकीत अजून ऊब असेल, असे गृहीत धरतो. आपल्या घोट्याचे दुखणे आता कसे आहे? आपली लेक युकिए शुश्रूषेसाठी ‘पंधरा दिवस’ म्हणून निघाली, त्याला आज शहाऐंशी दिवस झाले. (ही तक्रार नव्हे, नोंद आहे.)

माझे उत्तम चालले आहे. स्वयंपाकघरात मीच लावलेली सत्तावीस कलमी यादी आहे: कोणता कचरा कोणत्या वारी, कोणत्या पिशवीत, धुऊन की न धुता. युकिए चुकली की मी फक्त कलमाचा क्रमांक सांगत असे. निघताना बूट चढवता चढवता ती म्हणाली, “यादी आहेच की हो सोबतीला. तुमचं काही अडायचं नाही.” आणि खरोखरच काही अडलेले नाही.

मात्र गेल्या महिन्यात भांडी घासताना माझा भाताचा वाडगा फुटला. लग्नात आपणच दिलेल्या नवरा-बायकोच्या जोडीतला, मोठा. कलम एकोणीसनुसार तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळले, वर लाल अक्षरांत ‘धोका’ लिहिले, पारदर्शक पिशवीवर आडनाव घातले आणि महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी, सकाळी आठच्या आत, ती कोपऱ्यावर नेऊन ठेवली. चूक एकच झाली. वर्तमानपत्र अपुरे पडले आणि वाडग्यावर रंगवलेल्या निळ्या सारसाचा तुकडा उघडा राहिला. कचऱ्यावर देखरेखीची पाळी त्या दिवशी समोरच्या होशिनाबाईंची होती. (वीस वर्षे आमच्याकडे चहाला येतात, सारस त्यांच्या ओळखीचा.) त्यांनी पिशवीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि नमस्कार केला, नेहमीपेक्षा जरा अधिकच खाली वाकून.

संध्याकाळी त्या शिजवलेला भोपळा घेऊन दारात. “मामियासान, काही बोलू नका. आधी जेवून घ्या.”

वाडगा हातातून निसटला, इतकेच मी सांगितले.

“आमचे भावजीही हेच म्हणाले होते,” त्यांनी सुस्कारा टाकला. “जोडीतला वाडगा असाच कचऱ्यात टाकला. जाऊबाई काही माहेराहून परत आल्या नाहीत.”

दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या प्रत्येक घरातून काही ना काही येऊ लागले. भांडे रिकामे परत करता येत नाही, म्हणून मी प्रत्येकात नाशपाती ठेवून दिल्या. त्यावर सर्वांचे मत पडले की बिचारा फारच खचला आहे, आणि पुन्हा भांडी आली. कुणी काही विचारत मात्र नाही. विचारले असते तर उत्तर देता आले असते.

थंडी वाढते आहे, प्रकृतीस जपावे. युकिएने मुळीच घाई करू नये.

आपला जावई,
हिरोत्सुगु मामिया

ता. क. आपण पाठवलेल्या छायाचित्रात आपण गेटबॉलच्या मैदानावर, काठीविना, चषक उंचावून उभ्या आहात. तारीख अठ्ठावीस सप्टेंबर. मनःपूर्वक अभिनंदन. तेव्हा युकिए नेमकी कशासाठी थांबली आहे, हे आपण तिला विचारावे. मी विचारले, असे न सांगता.

पुन्हा ता. क. यादी भिंतीवरून काढली आहे. हे सांगितले तरी चालेल.

शेवटचा ता. क. सध्या मी तिच्या लहान वाडग्यात जेवतो. एवढ्याशा भाताने पोट भरत नाही. आणखी वाढून घ्यायला सवयीने वाडगा पुढे करतो, तर समोर कुणी नसते.