आवाजाची नोकरी

सोमवार, ३
लागली! एकदाची नोकरी लागली! आठ महिने चपला झिजवल्या आणि शेवटी नोकरीच फोन करून दारात आली. मुलाखत नाही, परीक्षा नाही. साहेब म्हणाले, आवाज फार आवडला, आजच हो म्हणा, उद्या जागा राहणार नाही. मावशीने लगेच नाक मुरडलं. अर्ज न करता नोकरी कशी लागते आणि मूळ प्रमाणपत्रं कुणी ठेवून घेतं का, म्हणे. मी म्हटलं, तू तर भाजीवाल्यालाही ओळखपत्र विचारशील.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, पाटी अजून लागायची आहे. बाहेरच्या खोलीत बारा खुर्च्या, आत काचेची छोटी खोली, त्यात मायक्रोफोन. साहेब हळू बोलणारे, सज्जन वाटले. माझी प्रमाणपत्रं कपाटात गेली. पावती उद्या देतो म्हणाले.

बुधवार, ५
काम म्हणजे नुसतं वाचन. आकडे, वार, आडनावं, आणि ‘अभिनंदन, तुमची निवड झाली आहे’ हे शंभर तऱ्हेने. कधी आनंदाने, कधी घाईघाईने. दुपारी साहेब म्हणाले, आता कागद ठेवा, घरच्यांशी बोलता तसं बोला. आंधळा मागतो एक डोळा! घरी माझ्या तोंडाला कुलूप लावायची भाषा चालते, इथे बोलण्याचाच पगार. धाकट्या बहिणीला मी खारूताई का म्हणते, ती रुसली की कशी मनवते, तीही दोन वर्षं नोकरीसाठी कशी वणवण करतेय, सगळं बोलून टाकलं. परत येताना घसा जरा धरला होता.

पावती राहिलीच. उद्या आठवण करते.

शनिवार, ८
किराणा दुकानात साबण मागितला, तर शेजारची बाई एकदम माझ्याकडे वळली. पांढरीफटक. म्हणाली, हाच आवाज. तिच्या मुलाला याच आवाजाने फोन केला होता. निवड झाली म्हणून तो फाईल घेऊन गेला, तो परतलाच नाही. दोन महिने झाले. पत्त्यावर जाऊन बघितलं तर नुसत्या बारा खुर्च्या.

अहो, मला ही नोकरी लागून सहाच दिवस झालेत, असं मी सांगत राहिले. ती ऐकेना. माझंच तोंड बघत राहिली.

खोटं कशाला लिहू, मी घाबरले.

मंगळवार, ११
साहेबांना सरळ विचारलं, फोन कुणाला जातात? त्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावला. आत मी बोलत होते. कुणाला तरी पत्ता समजावत होते, मध्येच हसत होते. आणि माझं तोंड बंद होतं.

प्रमाणपत्रं परत मागितली. कपाट उघडलं तर फायलीच फायली, प्रत्येकीवर फोटो. वरच्या फोटोतल्या मुलाचे डोळे त्या बाईचेच. माझी फाईल सापडेना. तशीच निघून आले. आता तिथे पाऊल ठेवणार नाही.

घसा पार बसलाय. डॉक्टर म्हणतात, घशाला काहीच झालेलं नाही.

गुरुवार, १३
गावाहून आईचा फोन आला. उचलला, पण तोंडातून शब्द फुटेना. पलीकडून आई आनंदाने सांगत होती, तू सकाळी म्हणालीस तसे धाकटीचे मूळ कागद काढून ठेवलेत, उद्या दहाला पोचेल ती.

मी सकाळी फोन केला नव्हता.

धाकटीला मेसेज केला — येऊ नकोस, ही नोकरी खोटी आहे. तिचं उत्तर — ताईने सांगितलंच होतं, तिच्या नावाने खोटे मेसेज येतील, भुलू नकोस. पुन्हा त्रास दिलात तर पोलिसांत देईन.

मावशीला लिहिलं. तिने लगेच विश्वास ठेवला, गावातल्या आमच्या घराकडे धावली. पण धाकटी निघाली होती. फोन कानाला लावूनच —

मावशी, तुझं ऐकायला हवं होतं गं.

शुक्रवार, १४
नऊ वाजता आले. तिला जिन्यातच अडवायचं होतं. पण ऑफिसचं दार उघडं, बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या भरलेल्या. अकरा जण, मांडीवर फायली, कुणी मान वर करत नाही. फोटोतला मुलगा तिसरा. त्याला हलवायला गेले. हात गार —

साहेबांनी मागून धरलं. काचेच्या खोलीत कोंडलंय. कडी बाहेरून.

दहा वाजले.

आली. निळी फाईल, फोन कानाला. हसतेय. माझ्याशीच बोलतेय.

काच बडवली. तिला ऐकू जात नाही. एकच खुर्ची रिकामी आहे. ती बसतेय — साहेबांनी कागदांसाठी हात पुढे केला —

वही काचेला लावते. माझं अक्षर तरी ओळखेल. मोठ्याने लिहिते, मोठं, अजून मोठं —

पळ गं. कागद देऊ नकोस. फोनवर मी नाही, मी इथे आत आहे, वर बघ, एकदा वर ब