दर्याला सोडलेला नारळ

मंगळवार, संध्याकाळ. प्रवासाचा तेविसावा दिवस

आजही वारा नाही. चार दिवसांपूर्वी पिण्याच्या पिंपात खारं पाणी शिरलं, तेव्हापासून नारळांवरच आहोत. शेवटचा नारळ काल मीच गाऱ्हाणं घालून वाऱ्यासाठी दर्याला सोडला. किती मूर्ख मी! होडी जागची हलत नाही, म्हणून तोही तिथेच तरंगतोय, हात लांबवला तर मिळेल असा.

दुपारी बाबल, माझा मेव्हणा, म्हणाला, "भावोजी, काडुया काय तो? घसो सुकलो."

मी खेकसलो, "दर्याक दिलेलो परत घेवचो नसता!"

देवाची भीती की माझा हट्ट? आता बाबलला उठून बसवतही नाही. शेवटी मी नारळ काढला, फोडला, करवंटी त्याच्या ओठांना लावली.

त्याने तोंड फिरवलं. "नको. दर्याचो तो."

पाणी करवंटीत तसंच आहे. मलाही पिववत नाही.