हे नेतील

२१ मार्च १९९९, रविवार

आजपासून मी सुरतेची. जालन्याच्या स्टेशनवर आई रडली, मी मात्र खिडकी मिळाली म्हणून खूश होते. ही डायरी ह्यांना कारखान्यातून दिवाळीला मिळालेली, तेव्हापासून कोरीच पडून होती. म्हटलं, नव्या संसाराचा हिशेब नको, निदान हकिगत तरी लिहू.

खोली बमरोलीत आहे. एकच, पण आगगाडीच्या डब्यासारखी लांब. वर पत्रा आणि दोन्ही अंगांना लूमचे कारखाने. खडखडाट एवढा, की माठातलं पाणी सारखं थरथरत असतं. ह्यांना रात्रपाळी, त्यामुळे दिवसभर ह्या गोंगाटात हे खुशाल घोरतात. दोन दिवसांत तुलाही ऐकू येणार नाही, म्हणाले.

चाळ सगळी खानदेशी. ह्यांची घरची बोली अहिराणी. मला निम्मी कळते, उरलेल्या निम्मीवर मी मान डोलावते. शेजारच्या धुरपदाबाई आल्या आल्या कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या. म्हाताऱ्या आहेत, एकट्या राहतात, आणि पोरांचा ताप, दृष्ट, कावीळ असलं सगळं उतरवतात. मी नवऱ्याला नावाने हाक मारते का, हे त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारून घेतलं. ‘अहो’ आणि ‘हे’ म्हणते म्हटल्यावर खूश झाल्या. मी काही मोठी सोवळी नाही, पण आईने लावलेली सवय, नाव तोंडात येतच नाही. इथे लिहितानासुद्धा बघा, ‘हे’च येतंय.

२६ मार्च, शुक्रवार

हाताला काम आणि डोक्याला ताप, दोन्ही एकदम घरी आले. पर्वत पाटिया भागातल्या एका शेठने साड्यांची डिझाइनं काढायला कॉम्प्युटर घरीच पाठवला. सोबत वीज गेली तर थोडा वेळ पुरणारा यूपीएसही दिला. माझा जालन्याचा कॉम्प्युटर डिप्लोमा एकदाचा कामी आला. नाहीतर चाळीतल्या बाकीच्या बायकांसारखी मीही साड्यांचे धागे कापत बसले असते.

यंत्र तीनशे मेगाहर्ट्झचं आहे, पण चाल बैलगाडीची. एक काठ पूर्ण साडीभर पसरवायला सांगावं, डाळ शिजत टाकावी, ती उतरवावी, तरी ह्याचं चालूच. लग्नसराई तोंडावर आहे. शेठचा निरोप आला, “बेन, जलदी करो, नहीं तो बीजाने आपी दईश.” काम दुसऱ्याकडे गेलं की कॉम्प्युटरही जाणार.

एक हे खाटेवर झोपलेले, दुसरं हे टेबलावर झोपलेलं. म्हणून मी कॉम्प्युटरलाही ‘हे’ म्हणायला लागले. चाळीला चांगला विनोद मिळाला. हे जेवले का म्हणून विचारतात आणि कोणते हे, म्हणून पदरात हसतात.

३० मार्च, मंगळवार

आज यंत्राला पळवायला घेतलं. आमचे क्लासचे सर हे करायचे आणि आम्हाला दमही द्यायचे, घाई केली तर प्रोसेसर जळेल. बोर्डाचा वेग ठरलेला असतो, तो वाढवला की त्याच्या पटीत प्रोसेसरचा वाढतो. सरांचे नियम मला पाठ आहेत. एका वेळी एकच पायरी चढायची. प्रत्येक पायरीवर तासन्‌तास काम देऊन बघायचं. पडद्यावरच्या तापमानावरून नजर हलवायची नाही, आणि साठ अंश दिसले की मागे फिरायचं.

आधी प्रोसेसरवरचा ॲल्युमिनियमचा ठोकळा काढला, जुनी वाळकी पेस्ट स्पिरिटने पुसली आणि नवी लावली, भाकरीला तूप लावतात तेवढीच पातळ. वर मोठा पंखा बसवला. मग सहासष्टवरून पंचाहत्तर केलं. ठीक. त्र्याऐंशी. तेही ठीक, अठ्ठेचाळीस अंश. हे उठून बघायला आले आणि म्हणाले, लूमचीही स्पीड आम्ही अशीच वाढवतो, मग धागा तुटतो. मी म्हटलं, माझा नाही तुटणार.

२ एप्रिल, शुक्रवार

बोर्ड शंभरवर, म्हणजे प्रोसेसर साडेचारशे! डाळ धुऊन होईपर्यंत डिझाइन तयार. पण दुपारी पत्रा तापला आणि आकडा चढत गेला. एकसष्ट, चौसष्ट, मग चित्र जागच्या जागी गोठलं. थांबवलं, गार केलं, पुन्हा तेच. मागे फिरायला हवं होतं हे कळत होतं, पण उद्या शेठला काम द्यायचं आहे.

वैतागून ओट्यावर जाऊन बसले आणि बोलून गेले, ह्यांना सारखा ताप येतोय. झालं, धुरपदाबाई मीठ, लाल मिरच्या, भाकरीचा तुकडा घेऊन हजर. ताप यंत्राला आहे म्हटल्यावरही त्या मागे सरल्या नाहीत. जे राबतं त्याला ताप येतो, म्हणाल्या. मी म्हटलं, होऊन जाऊ दे. त्यांनी डोळे मिटून कॉम्प्युटरवरून उतारा ओवाळला आणि विचारलं, “ताप कोना शे?” मी हसू दाबत म्हटलं, “ह्यांचा.” मग विचारलं, “कोन लई जाई?” हा उतारा तिठ्यावर नेऊन कोण टाकणार, असं त्या विचारताहेत हे मला कळलं. हे पाळीला जायला चपला घालतच होते. मी म्हटलं, “हे नेतील.” खडखडाटात त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. उतारा तिथेच ठेवून त्या मागे न बघता पाय धुवायला गेल्या. मी तो ह्यांच्या हातात दिला, आणि हेही बिचारे मुकाट घेऊन गेले.

३ एप्रिल, शनिवार

सदतीस अंश. साडेचारशेवर, भर दुपारी, सदतीस! काम वेळेत गेलं, शेठने आणखी पाठवलं. धुरपदाबाईंना अर्धा किलो जिलबी दिली.

एकच गोष्ट खटकते. भिंतीवरचा पारा खोलीत एकोणचाळीस दाखवतो. पंखा हवा फेकतो, हवेपेक्षा गार करू शकत नाही, हे पोरालाही कळतं. ठोकळ्याला हात लावून पाहिला. गरमही नाही, गारही नाही, कुणाचं मनगट धरावं तसा लागला. तापमापक बिघडला असेल.

७ एप्रिल, बुधवार

हे परवा पाळीवरून लवकर परतले, तेव्हापासून अंग तव्यासारखं होतं. रात्री बरं असतं, दुपारी चढतो. कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवते, त्या वाळतात, पण ताप हलत नाही. डॉक्टर मलेरियाच्या गोळ्या देऊन मोकळे झाले. एका हाताने पट्टी आणि एका हाताने माउस, अशी माझी तऱ्हा आहे.

१० एप्रिल, शनिवार

रक्त तपासलं. काही नाही. साधा ताप, म्हणतात.

पण आज मी पाहिलं. पूर्ण साडी पसरवायला लावली तेव्हा ह्यांचा पारा एकशे चारवर होता. वीज गेली नव्हती, काही नाही, मीच चहा करायला काम थांबवलं. चहा घेऊन आले तर हे उठून बसलेले, भूक लागली म्हणाले. पुन्हा काम लावलं आणि तोंडातला घास तसाच ठेवून आडवे झाले.

कॉम्प्युटरवरच हिशेब करून बघितला. सदतीस अंश म्हणजे आपल्या घरच्या पाऱ्यावर अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. धडधाकट माणसाचं अंग.

यंत्राकडे ह्यांचं अंग आहे. ह्यांच्याकडे यंत्राचं.

१२ एप्रिल, सोमवार

मी मूर्ख आहे. इतकं सोपं, बंद करून टाकायचं. उताऱ्यापासून शेठच्या कामासाठी यंत्र रात्रंदिवस चालूच होतं, ते पहाटे बंद केलं आणि आनंदाने ह्यांच्या उशाशी बसले. हे गार होत गेले. तापाचा घाम येऊन होतात तसे नाही. पोलादासारखे. श्वास मोजायला हात नाकापाशी धरला, तर पुढचा श्वास येईचना. किंचाळत जाऊन बटण दाबलं. पंखा फिरला आणि ह्यांची छाती वर आली.

आता ते बंद करायचं नाही. आणि तापू द्यायचं नाही.

१४ एप्रिल, बुधवार

धुरपदाबाईंना कुलूप! गेल्या रविवारीच आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, गावी पारोळ्याकडे गेल्या. चाळ अर्धी रिकामी, सगळ्यांच्या पोरी माहेरी यायच्या.

धावत एसटीडी बूथवर जाऊन त्यांच्या गावच्या दुकानात फोन लावला. बोलावून आणेपर्यंत जीव खोलीत अडकलेला. मी सगळं सांगितलं. “हे नेतील” हे माझं उत्तर त्यांनी दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाल्या, “पोरी, तठे ‘तिठा लई जाई’ म्हनतंस वं! तू कोनं नाव सांगी टाकं?” ते उताऱ्यातलंच ठरलेलं बोलणं होतं, ‘तिठा नेईल’ असं उत्तर द्यायचं. ताप कुणाकडे जाणार, हे त्या विचारत होत्या. मी निरोप्या नेमल्यासारखं ह्यांना पुढे केलं.

ज्या हाताने उतरवलं त्याच हाताने परत घ्यावं लागतं, म्हणाल्या. आखाजी रविवारी. त्या सोमवारी सकाळच्या पॅसेंजरने येतील. यंत्र बंद पडू देऊ नको म्हणाल्या.

तरी घरी येऊन मीच मीठ-मिरच्या घेतल्या. डोळे मिटले आणि ह्यांचं नाव घेतलं. भटू. भटू. मोठ्याने, सगळी लाज सोडून. भटूचा ताप तिठा नेईल. काही झालं नाही. फक्त ह्यांनी माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच नाव ऐकलं म्हणून.

१६ एप्रिल, शुक्रवार

बोर्ड सहासष्टवर आणलं. काम काही देत नाही, नुसतं चालू. तरी पत्र्याखाली दुपारी तापतंच. कूलर भाड्याने आणला, त्याचं तोंड यंत्राकडे केलं. ह्यांना वारा घालून उपयोग नाही. बर्फ पिशवीत घट्ट बांधून ठोकळ्याला टेकवते. थेंब आत गेला तर सगळं संपलं, म्हणून फडक्याने सारखी टिपत बसते. आजारी माणूस खाटेवर आणि मी पट्ट्या ठेवते यंत्राला.

शेठचा माणूस आला होता, मशीन परत द्या म्हणाला. दारातूनच हाकलला. जीव गेला तरी देणार नाही, म्हटलं.

१७ एप्रिल, शनिवार

ह्यांचा पारा शंभर. नव्याण्णव. बर्फ जास्त झाला की दात वाजतात ह्यांचे, काढला की डोळे लाल. डुलकी लागते — नको. हे बोलले थोडं. पन्हं मागितलं. मला फार भीती वाटते आहे.

१८ एप्रिल, आखाजी

कुठे तरी बायका झोक्याची गाणी म्हणताहेत. हे ऐकत होते. स्थिर आहेत. उद्या सकाळपर्यंत — एवढंच —

१९ एप्रिल, सोमवार

उजाडलं. लूम थांबले. इतकी शांतता मी इथे कधी ऐकली नव्हती. लाईन गेली आहे, सगळीकडची. यूपीएस ओरडतोय.

यूपीएस संपला. बर्फ तसाच टेकलेला होता, ठोकळा क्षणात गार — हे पण. ओठ निळे. बर्फ फेकला.

स्टोव्हवर धरू? जास्त तापला तर? मला नेमका तेवढाच हवा, ना कमी ना जास्त. नेमकं तेवढं काय असतं घरात —

माझं अंग.

प्रोसेसर उपटून काढला. ठोकळ्यासकट काखेत धरलाय, वर गोधडी. ठोकळ्याची पाती रुततात. श्वास आला! आला ह्यांना.

ठोकळा ऊन होत नाही. नुसतं ओढून घेतोय. किती वेळ झाला. ह्यांच्या गालांवर रंग आहे. माझी डाव्या हाताची बोटं हलत नाहीत, पांढरी —

पॅसेंजरची शिटी वाजली का? स्टेशन लांब आहे. इथवर यायला रिक्षा —

हे उठून बसले. बरं वाटतंय म्हणाले. काय घेतलंस काखेत, टाक ते, म्हणाले. नाही म्हणून मान हलवली. आवाज निघत नाही. जवळ येताहेत, गोधडी ओढताहेत, अहो नको, काढू नका, मला थंडी नाही वाजत, मला फक्त —