बारा कोडी बदकं

महाल, नागपूर
२० जानेवारी १९८९

त्या सकाळी मी सिगडी पेटवली, नळावरून तीन घागरी आणल्या, दशम्या बांधल्या आणि यांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसले. दादा, नमस्काराआधीच आठवणीत शिरले, रागावू नका. कन्हानला तीर्थरूप गोपाळदादांना धाकट्या कौसल्येचा साष्टांग नमस्कार. तुमचा खोकला कसा आहे? वहिनींचे गुडघे? (माझी तब्येत बरी आहे; तक्रार ऐकायला घरात कोणी नाही.)

तर ती सकाळ मागच्या जानेवारीतली. अंबाझरीच्या तळ्यावर उत्तरेकडून बदकं येतात, ती मोजायचा यांचा नाद तुम्हाला ठाऊकच आहे. (तुम्ही त्याला रिटायर माणसाचं खूळ म्हणत होता.) हे वीस मोजून "कोडी!" म्हणायचे, की मी ओटीत एक खडा टाकायची. मध्ये बोललं की ओरडायचे, "गप राय वं, मोजून राहिलो ना!" बारा खडे झाले. परदेशातली एक कचेरी देशोदेशींच्या लोकांकडून अशी मोजणी मागवते, म्हणून यांनी तो आकडा मुकुंदला, म्हणजे कोर्टासमोरच्या टायपिंगवाल्याला, इंग्रजीत टाईप करून धाडायला लिहून दिला. पावसाळ्यात हे गेले.

दिवाळीनंतर यांच्या नावाने त्या कचेरीचं उत्तर आलं. मुकुंदने वाचून दाखवलं. साहेब लिहितात, आपल्या तळ्यावरची बारा कोटी बदकं वाचून आम्ही थक्क झालो, कृपया पुन्हा मोजावीत. मुकुंद मान खाजवत म्हणाला, "काकू, मले वाटलं काका ट लिहायले चुकले." बारा कोटी, दादा! अंबाझरीत पाण्याला जागा उरली नसती.

पण खाली साहेबाने जे समजावून लिहिलं, ते मी तीनदा वाचायला लावलं. कोळशा-तेलाच्या धुराने पृथ्वी तापते आहे, उत्तरेतली घरट्यांची ओली जमीन बदलते आहे, इकडे तळी बुजताहेत. पाखरू दोन्हीकडचं, तेव्हा एका देशाने सांभाळून भागणार नाही. आणि हवेचं वेगळं पाहू, पाखरांचं वेगळं पाहू, असंही चालणार नाही. (आमच्या नळावर दोन बायकांचं एकमत होत नाही, तिथे एवढे देश! पण बदकांनी कुणाला विचारलंय? येतातच ना.)

म्हणजे पुन्हा मोजायला हवं आणि चूक कळवायला हवी. कळवायचं तर मोजणारा राहिला नाही, हेही लिहायला हवं. ती एक ओळ मला दोन महिने सांगता आली नाही. मुकुंद विचारतो, मी म्हणते, "शाई संपली." (त्याच्याकडे टायपिंगचं मशीन आहे, हे दोघांनाही माहीत आहे.)

तुमची धाकटी,
कौसल्या

ता. क. – खरं पत्र यासाठी की, रविवारी याल का? नुसतं शेजारी उभं राहून "कोडी" म्हणायचं. वीसपर्यंत मी मोजेन, पण तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

ता. क. २ – येताना तुम्हाला खाणीकडून मिळतो त्या वाट्यातला अर्धं पोतं कोळसा आणा. पृथ्वीचं मी ऐकलं आहे, सिगडीने ऐकलेलं नाही.

ता. क. ३ – पत्र टाकायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसने एकटीच गेले, बदकं मोजली आणि येताना मुकुंदकडून लिहवून घेतलं: मागच्या साली दोनशे चाळीस, यंदा एकशे चाळीस, मोजणारे महादेवराव वारले, आता त्यांची बायको मोजते.