हळदीची सीडी

५ फेब्रुवारी २००७, सोमवार

आज दुपारी केसरीनाथशेठनी नव्या मिक्सिंग सॉफ्टवेअरची सीडी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, घाल कॉम्प्युटरमध्ये, आजपासून हे मशीन तुझं. त्या क्षणी माझं नशीब फिरलं. कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून घरात मला कोणी मोजत नव्हतं. कॉलेजातल्या निशाला बघून शिट्टी मारणाऱ्याच्या मी कानाखाली वाजवली होती. सर म्हणाले, माफी माग. मी मागितली नाही. तेवढंच माझं शिक्षण.

शेठचं हे लग्नाच्या शूटिंगचं दुकान धामणकर नाक्याजवळ आहे. मागच्या गल्लीत लूमचा खडखडाट, आत दोन खुर्च्या, एक पंखा, काचेचं दार आणि शेठची जीभ. मला 'मजनू' म्हणतात, पण चहा स्वतःच्या पैशाने पाजतात. आणि पहिलंच काम कोणतं, तर कोनगावला शूट केलेली हळद, निशाच्या मोठ्या बहिणीची, रुचिकाची. म्हणजे पगार घेऊन दिवसभर पडद्यावर निशाला बघायचं. आणखी काय पाहिजे?

७ फेब्रुवारी, बुधवार

नवं सॉफ्टवेअर घातल्यापासून एकही व्हिडिओ धड चालत नाही. आधी नुसता आवाज, पडदा काळा. चित्र उलगडून दाखवणारं कोडेक बाजारातून आणून घातलं, तर चित्र आलं ते शेवाळासारखं हिरवं. कार्डाचा ड्रायव्हर बदलला, हिरवेपणा गेला, अडखळणं राहिलं. नाचणाऱ्या बायका मध्येच दगडासारख्या थिजतात आणि एकदम पुढे उडी मारतात. आवाज पुढे, चित्र मागे.

सगळ्यात वाट लागली ती गोदू धवलारणीच्या गाण्याची. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीशिवाय पान हलत नाही. ती धवले गाऊन देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेत मांडवात बोलावते, आणि शेवटी गाऊनच परत धाडते. बोलावणं कसंबसं जुळवलं. धाडणं जुळेचना. डोकं फिरलं, कापूनच टाकलं आणि वर डीजेचं गाणं चिकटवलं. शेठ खूश. म्हातारीचं गाणं कोण बघतो, म्हणाले. सीडी निशाच्या घरी पोचली. मूळ टेपवर शेठनी दुसरं लग्न भरलं.

अडखळणं मात्र काढायचंय. तपासायला कॉम्प्युटरमधली हीच हळद पुन्हा पुन्हा लावतो. निशा दिसते, हेही आहेच.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

निशाच्या मागे एक पोरगा उभा आहे. आकाशी शर्ट, कपाळावर केस. इतक्या वेळा बघून आधी कसा दिसला नाही? आणि ती वळून त्याच्याकडे हसते. माझ्याकडे बघून ती असं कधी हसलेली नाही. एकदाही नाही.

थोबाड नीट बघून घ्यावं म्हणून पॉज दाबलं. सगळा मांडव थांबला. तो थांबला नाही. त्याने सावकाश हात उचलला आणि तिच्या केसांवरची हळद झटकली.

कोडेकचाच घोळ असणार. शेठना बोलावून दाखवलं तर त्यांना तिथे कोणीच दिसेना. म्हणाले, मजनूला आता सवतही झाली वाटतं.

१२ फेब्रुवारी, सोमवार

सगळं काढलं, पुन्हा घातलं. आता कोणीच अडखळत नाही. पण पॉजवर तो चालतो. आणि रोज तिच्या जास्त जवळ असतो.

न राहवून कोनगावच्या स्टॉपवर निशाला गाठलं. आकाशी शर्टवाला कोण, म्हणून दरडावूनच विचारलं. तिचा चेहरा उजळला. भ्यायला हवी होती, तर उजळला! म्हणाली, तो देवेश, आत्याचा मुलगा. घरच्यांनी आमचं लहानपणीच ठरवलं होतं. गेल्या वर्षी पडघ्याजवळ त्याची गाडी ट्रकखाली गेली.

मग तिनेच मला विचारलं, तुला पण दिसतो?

मेलेल्या माणसावर जळू नये. मी जळतोय.

१४ फेब्रुवारी, बुधवार

गुलाब घेतला होता. पण गेलेल्यांना बोलावणारी गोदूच, म्हणून आधी तिच्याकडे गेलो, सगळं सांगितलं. ती सुपातले तांदूळ निवडायची थांबली.

"मी त्याला धाडला व्हता रं," ती म्हणाली. "तुझी शिडी निस्ती बोलवते. धाडीत न्हाय."

म्हणजे सीडी लागेल तेव्हा त्याला बोलावणं जातं, परत जा कोणी सांगत नाही. आणि दुरुस्तीच्या नावाखाली मीच किती वेळा बोलावला! गोदू म्हणाली, दुकानातलं आणि निशाच्या घरचं, दोन्हीकडचं बंद करा, मग मी येऊन पुन्हा गाते.

निशाच्या दारात गेलो, सीडी मागितली. तिने ती ओढणीत धरली.

"तो येतो हे ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "म्हणूनच लावते. तुला काय करायचंय?"

गुलाब गटारात टाकला.

१५ फेब्रुवारी

इथली फाइल पुसायला बसलो. बोट बटणावर होतं. पण त्यात निशाही आहे. ती पण पुसली जाईल.

नाही पुसली.

१६ फेब्रुवारी

त्याने तिचा हात धरलाय. पॉजवर. ती सोडवून घेत नाही. मी पडद्यावर कप फेकून मारला. पडदा तडकला, तरी हात तसाच—

शेठ म्हणाले, घरी जा. नाही गेलो. त्या दोघांना एकटं सोडू?

१७ फेब्रुवारी

दुपार. शेठ जेवायला गेलेत. पॉज आहे. सगळे थिजलेले. तो चालतोय.

आणि निशा. निशाही चालतेय.

तिच्या घरी फोन लावला. आई म्हणाली, सकाळपासून खोलीला आतून कडी आहे, आत सीडी चालू आहे, हाक मारली तर ओ देत नाही. दार फोडा म्हणून ओरडलो. फोन तसाच पडला असावा. धक्के ऐकू आले, मग रडणं—

दोघं मांडवाच्या टोकाला पोचले. तिने वळून पाहिलं नाही. त्याने पाहिलं. सरळ माझ्याकडे.

वायर उपटली. चित्र चालूच आहे.

कोनगावला निघतो. रिक्षा मिळेल. अजून वेळ—

बाहेर आलो. दार लावलं. काचेतून गोदूचा आवाज येतोच आहे, गेलेल्यांचं एकेक नाव घेतेय. देवेशच्या पुढे निशाचं घेतलं. निशाच्या पुढे माझं—