दादाच्या नावचं कार्ड

ता. ३ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तू ज्यांची काजं-बटणं घरी बसून करतेस, त्या शर्टांच्या कारखान्याचं पत्र मला आलं. शिवणकाम घरी नेणाऱ्या दहा जणांना ते कायम करणार: महिन्याचा पगार, रजा, म्हातारपणी पेन्शन. चौदा वर्षांत एक खोट नाही, म्हणून पहिलं नाव माझं! तुझी वहिनी म्हणाली, आता सुईत दोरा ओवायला तरी शिका. दोघंही हसलो.

पुरुषाच्या कार्डाला डझनामागे दर जास्त, म्हणून तुझ्या कामाचं कार्ड मीच माझ्या नावावर काढलं होतं. बाईचं काम फावल्या वेळचं, असं मुकादम म्हणायचा. तू दिवसाला तेरा तास बसायचीस. मी इथे गिरणीच्या दाराशी पहारेकरी म्हणून बसून पगार घेतो. सोमवारी कारखान्यात कामाची परीक्षा आहे. तू जा, खरं सांग.

तुझा दादा

ता. ११ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

गेले होते. कार्ड दाखवून काम माझं म्हटलं, तर कारकून म्हणाला, उद्या म्हणाल पगारही माझाच. नवं कार्ड दिलं. अनुभव शून्य. निरीक्षक बाईंनी माझं काज भिंगाखाली धरलं. म्हणाल्या, हुबेहूब दादांचा हात, त्यांनीच शिकवलं वाटतं? भांडता आलं असतं. पण मागे रांग होती, आणि मला त्याचं काही वाटेचना. मी हो म्हटलं.

शिकाऊ म्हणून रोजावर घेतलंय. तुझी जागा महिनाभर राखून ठेवलीय. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी धाकटी

ता. १९ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

काल रजा काढून कारखान्यात गेलो. तुझ्या दारावरूनच परतलो, तोंड दाखवायचा धीर झाला नाही. देवाला स्मरून सगळं सांगितलं. बाईंनी पुढ्यात सुई ठेवली. बराच वेळ ओवत होतो. शेवटी त्यांना पटलं. कार्ड रद्द झालं, चौदा वर्षांसकट. जागा यादीतल्या पुढच्या माणसाला गेली. मग माझ्या बहिणीची वर्षं, असं मी विचारलं. रद्द कार्डावरची वर्षं कुणाचीच नसतात, म्हणाल्या.

सुई चुकून खिशातच आली. आज सकाळी शर्टाचं बटण लावलं. वाकडं बसलंय. तसाच घालून कामावर आलो.

आपली माया उसवू देऊ नकोस.

तुझा दादा