दिपेशची हजेरी

डोंबिवली पूर्व,
सोमवार

प्रिय मृणाल,

सप्रेम जयभीम.

दिव्याच्या घराच्या गच्चीवरची ती रेडिओची डबी बंद केली का, असं तू नाशिकहून फोनवर तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी ‘बघते’ म्हणून फोन ठेवून दिला. तुला वाटलं असेल, आई टाळताहेत. टाळतच होते. फोनवर मला कामापुरतंच बोलता येतं, हे तुला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. म्हणून आज बसून लिहिते आहे. घर घेणाऱ्यांना पुढच्या मंगळवारी ताबा द्यायचा आहे आणि त्यांना गच्ची मोकळी हवी आहे. म्हणजे डबी त्याआधी उतरवायलाच हवी, त्यात चर्चेला जागा नाही. पण तू गेल्या वेळी सांगितलंस की समृद्धी रोज शाळेत जायच्या आधी तुझ्या फोनवर तो नकाशा उघडते आणि ‘आज बाबा ऑस्ट्रेलियाला पोचला’ म्हणते. हे ऐकल्यापासून माझा हात त्या डबीकडे जात नाही.

दिपेश गेला त्याला येत्या महिन्यात वर्ष होईल. तू घराचा मीटर बंद केलास तेव्हा मी धरून चालले होते की त्या घरातलं सगळंच थांबलं. त्याने डबीला छोटं सोलर पॅनेल लावलंय, हे मला ठाऊक नव्हतं. कसं असणार? ती बसवल्यावर त्याने कौतुकाने दाखवायला नेलं तेव्हा मी गच्चीचा जिनासुद्धा चढले नव्हते. फेब्रुवारीत बाबुरावांचा फोन आला. खोपटच्या एसटी डेपोतून निवृत्त झालेले, आमच्या हौशी रेडिओच्या मंडळीतले सगळ्यात जुने. ‘कांताताई, रागावणार नसाल तर सांगतो. आपला दिपेश मॅपवर दिसतोय. काल पर्थला ऐकू आला.’ मी विचारलं, कोण ऐकू आला? तर ‘चूक झाली ताई’ म्हणून त्यांनी फोन ठेवला. मग मी शेजारच्या मुलीकडून तो नकाशा उघडून घेतला. दिव्यावर एक ठिपका, त्यावर त्याची कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं त्याचं हवेतलं नाव, आणि डबी जिथे जिथे ऐकू आली तिथवर समुद्र ओलांडून गेलेल्या रेघा. टॉर्चचा बल्बसुद्धा नीट पेटणार नाही एवढ्या विजेवर. ऊन आलं की डबी जागी होते, मावळलं की झोपते. सुट्टीच्या दिवशी दहापर्यंत लोळणारा माझा मुलगा आता उजाडताच कामाला लागतो.

नियम तुला माहीत नसेल, म्हणून सांगते. परवाना माणसाचा असतो. माणूस गेला की त्याची कॉलसाइन हवेत जाता कामा नये. मंडळींत नियमांची सगळ्यात कडक मीच, दर रविवारी रेडिओवर सगळ्यांची हजेरीही मीच घेते. कुणी हवेत दोन वाक्यं जास्त बोललं तरी टोकते. फेब्रुवारीतच दिव्याला जाऊन वायर उपटायला हवी होती. मी काय केलं? शेजारच्या मुलीकडून तो नकाशा माझ्या फोनवर घालून घेतला.

तुमच्या लग्नाआधीपासून आमचं या गोष्टीवरून वाजत होतं. तू आलीस तेव्हा ते जुनं झालं होतं, म्हणून तुला वाटायचं की आईंना कॉम्प्युटरचा राग आहे. राग कॉम्प्युटरचा नव्हता. मी बी. एस्सी. झाले आणि परीक्षा देऊन कल्याणच्या तारघरात लागले. आमच्या चाळीत तार आली की बायका आधी रडायच्या आणि मग वाचून घ्यायला कुणाला तरी शोधायच्या. त्या चाळीतली मुलगी तार पाठवायला बसली, याचं वडिलांना केवढं कौतुक होतं! मोर्स मी तिथे शिकले. छोटा ठोका डिट, लांब ठोका डा, आणि सगळं कानाने वाचायचं. तुझं अक्षर जसं तुझं, तसा प्रत्येकाचा मोर्सचा हात वेगळा. माझ्या टेबलावरच्या, ठोके द्यायच्या कीची स्प्रिंग ढिली होती, त्यामुळे शेवटची डा माझ्या हातून लांबायची. आमचे मुख्य सगळ्यांसमोर म्हणायचे, ‘बाई, तुमची डा स्टेशनात येते, पण निघायचं नावच घेत नाही.’ पुढे स्प्रिंग बदलली, तारघरसुद्धा बंद झालं, पण हाताची खोड गेली नाही. भारतातल्या प्रत्येक कॉलसाइनची सुरुवात व्ही आणि यू या अक्षरांनी होते आणि दोन्हींच्या शेवटी डा असते. त्यामुळे मी हवेत आले की पहिल्या दोन अक्षरांतच लोक ओळखतात.

दिपेशही ओळखायचा. लहान असताना माझ्या टेबलाखाली बसून खेळायचा. एकदा मी मुद्दाम बाबुरावांना माझ्या कीवर बसवलं, तर खालून आवाज आला, ‘ही आई नाही.’ असा कान! त्याला मी शिकवलं, परीक्षेला बसवलं, परवाना मिळाला तेव्हा पेढे वाटले. आणि इंजिनीअरिंगला गेल्यावर त्याने की बाजूला ठेवली ती ठेवलीच. ‘आई, कॉम्प्युटर वाचतो ना. कान कशाला शिणवायचे?’ मी म्हटलं, मग जेवायलाही कॉम्प्युटरलाच बसव. तो हसला. तो नेहमी हसायचा, त्यानेच मी जास्त चिडायचे. ही डबी बसवली तेव्हा म्हटलं, तू ऑफिसात आणि तुझी कॉलसाइन इथे एकटीच शिट्ट्या मारतेय, यात माणूस कुठे आहे? कॉलसाइनमागे माणूस हवा. त्यावर पहिल्यांदाच तो हसला नाही. म्हणाला, ‘आई, तुझ्या रविवारच्या हजेरीला नऊ जण उरलेत. दहा वर्षांनी कुणाला हाका मारणार आहेस?’ हजेरी फोनवरही ऐकता यावी म्हणून तो एक जोडणी करून देत होता, म्हणजे पोरं येतील. मी म्हटलं, हवेचं काम हवेतच राहू दे. विषय तिथेच संपवला. माझ्याकडे विषय असेच संपतात.

मात्र त्यानंतर एका रविवारी तो एकटाच इकडे आला होता. आठवतं? तू आणि समृद्धी कल्याणला बारशाला गेला होतात. आल्या आल्या म्हणाला, ‘आई, कीवर बस जरा. काहीतरी पाठव.’ मी विचारलं, काय पाठवू? ‘काहीही.’ मला वाटलं, पोराला उपरती झाली! मी पुरणपोळीचा गॅस बंद करून बसले. हाताला सवय असलेली, म्हणजे त्याचीच कॉलसाइन पाठवली. लहानपणी शिकवताना हजारदा पाठवली होती. तो म्हणाला, ‘परत.’ पाठवली. ‘परत.’ मी म्हटलं, आता तू बस, तर म्हणाला, ‘नको, तूच.’ मग दिसलं की त्याने लॅपटॉप माझ्या कीला चिकटवून ठेवलाय आणि लक्ष सगळं पडद्यावर. पाऊण तासात लॅपटॉप मिटून, उभ्या उभ्या पोळी खाऊन निघूनसुद्धा गेला. त्या दिवशी मला फार लागलं, मृणाल. शेवटी लॅपटॉपच, असं म्हणून मी की कापडाखाली झाकून ठेवली.

परवा शनिवारी दिव्याला गेले. पर्समध्ये स्क्रू-ड्रायव्हर, पिशवीत माझा जुना छोटा रिसीव्हर. तू म्हणाली होतीस, ‘बंद करायच्या आधी एकदा ऐकून घ्या, आई,’ आणि मी ‘मला शिट्ट्यांची हौस नाही’ म्हणून तुला गप्प केलं होतं. रिसीव्हर नेला तो वेगळ्या कारणाने. बंद केलेलं यंत्र खरंच बंद झालं की नाही, हे मी कानाने ऐकल्याशिवाय मानत नाही.

सोसायटीत टँकर आला होता, जिन्यात हंड्यांची ओळ. वरच्या मजल्यावरची रुपाली गच्चीची किल्ली घेऊन आली. तीच ती, ‘तुमच्या टॉवरने माझं डोकं दुखतं’ म्हणून दिपेशशी रोज भांडायची. साबणाच्या डबीएवढं ते यंत्र, त्याला टॉवर म्हणे. मी बघते तर पॅनेल लख्ख. आजूबाजूच्या टाक्यांवर कबुतरांनी पांढरा थर दिलाय आणि पॅनेलवर एक ठिपका नाही. विचारलं, तर म्हणाली, ‘भाऊ होते तेव्हा ते पुसायचे. ते गेले आणि कबुतरं बसायला लागली. मग मीच पुसते कपडे वाळत घालायला आले की.’ मी म्हटलं, आणि डोकं? ‘डोकं दुखतं ते दुखतंच,’ म्हणाली.

टाकीच्या सावलीत बसून मी रिसीव्हर लावला. दर दहा मिनिटांनी डबी बोलते. आधी ती शिट्टी आली, लांबलचक, एकसुरी, माणसाच्या कानाला न कळणारी. दुसऱ्या खोलीत कुकर वाजावा तशी. मी स्क्रू-ड्रायव्हर काढून हातात घेतला होता. मध्येच तोडायचं नाही, पाठवणाऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं, ही तारघराची शिस्त, म्हणून थांबले. शिट्टी संपली आणि शेवटी डबीने आपली कॉलसाइन मोर्समध्ये सांगायला सुरुवात केली. यंत्राचं मोर्स मी ओळखते. साच्यातल्या विटांसारखं, एक डा दुसरीसारखी. हे तसं नव्हतं. डिट, डिट, डिट आणि मग डा, आणि ती डा निघायचं नावच घेईना.

माझा हात होता तो, मृणाल. माझा हात, त्याचं नाव पाठवत होता.

पुढे काय झालं ते लिहून दाखवणं मला जमणार नाही. रुपालीने चहा आणून ठेवला, एवढं सांगते. मी आणखी दोन फेऱ्या ऐकल्या. स्क्रू-ड्रायव्हर पर्समध्ये परत गेला. माणूस कुठे आहे, असं मी विचारलं होतं आणि त्याने उत्तर गच्चीवर ठेवून दिलं होतं. सांगितलं नाही. मी जिना चढेन याची वाट बघत राहिला असेल. तुला ठाऊक होतं, हे आता कळतं. तू का बोलली नाहीस, तेही कळतं. माझ्याशी बोलणं सोपं नाही.

आता एक गोष्ट, जी तुला मंडळींपैकी कुणी सांगितली नसेल. आमच्यात माणूस गेला की त्याला ‘सायलेंट की’ म्हणतात. गप्प झालेली की. पुढच्या रविवारी हजेरी घेणाऱ्याने त्याची कॉलसाइन तीनदा पुकारायची, उत्तराची वाट बघायची, आणि उत्तर येत नाही म्हटल्यावर ते दोन शब्द उच्चारायचे. मग त्याचं नाव यादीतून उतरतं. मी कितीतरी जणांसाठी हे केलं आहे, खणखणीत आवाजात. दिपेशच्या वडिलांसाठी, कुंडलिकांसाठीही मीच केलं, तेव्हा दिपेश शेजारी उभा होता. पण दिपेशचं नाव मी अजून उतरवलेलं नाही. दर रविवारी बाबुरावांनंतर त्याची कॉलसाइन घेते आणि लगेच पुढची घेते. एरवी प्रत्येकासाठी थोडं थांबायचं असतं. त्याच्यापाशी मी थांबत नाही. थांबले नाही तर उत्तर आलं नाही असं होत नाही. इतके महिने सगळे हे ऐकताहेत आणि एकानेही मला टोकलेलं नाही. मी टोकलं असतं.

शनिवारी घरी परत येताना समृद्धीचा विचार करत होते. येत्या रविवारी दुपारी मी डबी उतरवली की सोमवारी सकाळी नकाशावर तो ठिपका नसेल. नुसता नसेल. कुणी काही सांगणार नाही, पडदा रिकामा. हे बरं नाही. माणूस जातो तेव्हा कुणीतरी त्याचं नाव घ्यावं, त्याच्यासाठी थांबावं, आणि मग सांगावं. हे यंत्राला जमत नाही, ते मला करायला हवं. म्हणून हे पत्र. या रविवारी सकाळी साडेसातला मी दिव्याच्या गच्चीवरून हजेरी घेणार आहे. दिपेशने अर्धी करून ठेवलेली ती फोनची जोडणी बाबुरावांनी माझ्या परवानगीने कालच सुरू केली आहे, कशी उघडायची हे ते तुला कळवतील. हवेत बोलायला परवाना लागतो, ऐकायला लागत नाही. नाशिकला समृद्धीला मांडीवर घेऊन बस. तिला आधी सांगून ठेव की आजी बाबाचं नाव घेणार आहे आणि त्यानंतर नकाशावर बाबा दिसणार नाही. रडली तर रडू दे. आधी बाबुरावांचं नाव येईल, मग त्याचं. तीनदा हाक मारेन. आणि या वेळी थांबेन, मृणाल. एकटीला ते जमेल असं वाटत नाही. मी थांबलेली असेन तेवढा वेळ तुम्ही दोघी तिकडे असा.

दोघींच्या वाटेकडे कान लावून बसलेली,
तुझीच
आई